कॅम्पचे हातमोजे

"तुझा बाप मेंढ्यांची बाळंतपणं उघड्या हातानं करायचा ना? मग तुला हातमोजे कशाला लागतात?"

डॉक्टर हे बाळंतपणाच्या खोलीच्या दारात उभं राहून बोलले. नाकावर रुमाल धरलेला. पाय उंबऱ्याच्या बाहेर. आत टेबलावर ऊसतोडीवरची एक बाई कण्हत होती आणि मी तिच्या पायांशी उभी होते. मी एवढंच म्हणाले होते, "साहेब, माझ्या हाताला भेगा पडल्यात. मोजे असले तर द्या."

त्यांच्या मागं कंपाउंडर होता. तो मोठ्यानं हसला. बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. साहेब गंमत करतात तेव्हा हसायचं असतं. माझंही तोंड हसलं. 

सिस्टर टेबलाच्या पलीकडं होत्या. त्या हसल्या नाहीत. कापसाचे बोळे करत राहिल्या.

मग मी हात घातला. उघडाच. पोर आलं, वार पडली, सगळं आवरलं. कोपरापर्यंत रक्त. नळावर जाऊन सोड्यानं हात धुतले तेव्हा एकेक भेग चरचरली. ती बाई कुठल्या मुलखातली, तिला काय आजार होता, नव्हता, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही. टोळी पुढं गेली, तीही गेली.

त्या दिवशी मला राग आला नाही. मला लाज वाटली. माझ्या बापाची लाज वाटली. राग त्यानंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या माणसानं मला माझ्या बापाची लाज वाटायला लावली.

आम्ही धनगर. बापाचा कळप होता. इंदापूरच्या बाजूचे सगळे माळ त्याच्या पायाखालचे. मग कालव्याचं पाणी फिरलं, माळ मोडले, ऊस लागला, द्राक्षं लागली. मेंढरं न्यायची कुठं? बापानं कळप विकला आणि दुसऱ्याच्या बागेवर राखण्या म्हणून राहिला. पण कुणाची मेंढी अडली की लोक त्यालाच बोलवायचे. आडवं आलेलं कोकरू तो आत हात घालून सरळ करायचा. त्याआधी नखं कापायचा. राखेनं हात घासघासून घ्यायचा. मेंढीच्या कपाळाला हात लावून तिच्याशी बोलायचा. मुक्या जनावरासाठी तो एवढं करायचा. आमचे डॉक्टर बाळंतिणीच्या टेबलाजवळसुद्धा यायचे नाहीत.

मी सातवी शिकले. लग्न होऊन शेळगावच्या बाजूला आले. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर. सीझन लागला की तो सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यावर जायचा, मधूनच कधीतरी घरी यायचा. जवळच्या गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात परिचर पाहिजे होती, तिथं मी लागले. त्या गावाचं नाव मी घेत नाही. एकाच गावात असं होतं असं कुणाला वाटायला नको.

परिचर म्हणजे काय? झाडायचं, पुसायचं, लाकडं फोडून बंब पेटवायचा, सुया उकळायच्या, बाळंतिणीची घाण धुवायची. डॉक्टरांच्या क्वार्टरवरची धुणीभांडी वेगळी. आणि हातमोजे धुवायचे. कॅम्पमध्ये वापरलेले मोजे माझ्यापुढं घमेल्यात येऊन पडायचे. एकेक मोजा पाण्यानं भरून बघायचा, कुठं गळतो का. चांगले निघतील ते दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावून घडी करायची. मग ते कपाटात. धुवायला मी. घालायला दुसरे.

कॅम्प म्हणजे बायकांच्या ऑपरेशनचा कॅम्प. तेव्हा टारगेट असायचं. मार्च जवळ आला की मास्तर, ग्रामसेवक, सिस्टर, सगळे बायका गोळा करत वस्त्या पालथ्या घालायचे. कॅम्पच्या दिवशी आमच्या केंद्रात कशालाच तोटा नसायचा. नव्या चादरी यायच्या. औषधं यायची. हातमोज्यांच्या पेट्या यायच्या. सर्जनसाहेबांना मटणाचं जेवण असायचं. एरवी वर्षभर बायकांना एकच उत्तर मिळायचं. "वरून आलं नाही."

पाळणा लांबवायच्या गोळ्या? वरून आल्या नाहीत. तांबी बसवायचीय? आली नाही. निरोध? संपला. दोन लेकरांत अंतर पाहिजे म्हणून बाई तीन कोस चालत यायची आणि तशीच परत जायची. मग पोट घेऊन यायची, तेव्हा तिला शिव्या बसायच्या. "तुम्हाला अक्कल नाही. जनावरासारखी पोरं काढता." भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला होता. त्याच्याशेजारी त्याच सुमाराला नवीन अक्षरं आली होती, एड्सपासून सावध राहा. रंग अजून ओला असताना कंपाउंडर त्याच भिंतीशी उभा राहून तंबाखू मळत होता, ते मला दिसतं.

औषधांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. चावी कंपाउंडरच्या कमरेला. तो इंदापूरचा, घरचे सगळे नोकरदार. माझ्याशी तो कधी तोंडाकडं बघून बोलला नाही. त्या कपाटाला मी बाहेरून फडका मारायचे. आत काय आहे, मला माहीत नव्हतं.

सुमन आमच्याच वस्तीवरची. माझ्याहून लहान. मला आक्का म्हणायची. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. मुंबई, सुरत, आणखी कुठं कुठं माल घेऊन जायचा. चांगला अंगानं भरलेला माणूस, एका वर्षात वाळून काटकी झाला. ताप, जुलाब, तोंडात चट्टे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला खरं सांगितलं. त्यानं घरी येऊन टीबी म्हणून सांगितलं.

पण त्या दवाखान्यातल्या एका वयस्कर सिस्टरनं सुमनला बाजूला घेतलं होतं. विहिरीवर आम्ही दोघीच होतो तेव्हा सुमननं मला सांगितलं.

"आक्का, ती बाई म्हनली, आता नवऱ्यासंगं निरोधाबिगर ऱ्हाऊ नगं. सरकारी दवाखान्यात फुकाट मिळतोय म्हनली."

"आन त्यो ऐकंल का?"

"ऐकतोय. माझ्याम्होरं रडला. म्हनला, तू आन, मी वापरतो. पर मी मागायला जायाचा न्हाय. मला त्वांड न्हाय."

गावात एकच मेडिकल होतं आणि ते तिच्या चुलतदिराचं. तिथं मागायचं म्हणजे सगळ्या भावकीला बोलावून सांगण्यासारखं. म्हणून ती आमच्या खिडकीशी आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. रांगेत पुरुष होते, म्हाताऱ्या होत्या. ती खिडकीत वाकून हळूच बोलली.

"काय? मोठ्यानं बोल," कंपाउंडर म्हणाला.

ती पुन्हा बोलली. मी तिथंच फरशी पुसत होते. कंपाउंडरनं पेन खाली ठेवलं, मान खिडकीबाहेर काढली आणि रांगेकडं बघून म्हणाला, "निरोध पाहिजे म्हणते ही. अगं, नवरा तर अंथरुणाला खिळलाय ना? मग कुणासाठी नेतीस?"

रांग हसली. एक म्हातारी थुंकली. सुमनची मान खाली गेली ती वर आली नाही.

"संपलाय. पुढच्या महिन्यात ये."

ती पुढच्या महिन्यात आली. माणूस मरणाच्या भीतीनं काय करत नाही? ती सगळी लाज गिळून आली. पुन्हा तेच. संपलाय. त्याच्या पुढच्या महिन्यातही आली. संपलाय.

मग ती मला म्हणाली, "आक्का, तू आत असतीस. जरा बग की गं. कुटं कोपऱ्यात पडलं असंल."

मी कंपाउंडरला विचारलं. हात जोडून विचारलं. "भाऊसाहेब, कपाटात निरोध असला तर एखादं पाकीट द्या. एका बाईला नड हाय."

"कपाट तुझ्या बापाचं आहे का?" तो म्हणाला. पुन्हा बाप. त्या केंद्रात माझ्या बापानं कधी पाय ठेवला नव्हता, पण रोज कुणीतरी त्याला ओढून आणायचं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. एसटीच्या थांब्यावर, पानटपरीशी त्यानं गंमत म्हणून सांगितलं. आमच्या परिचरबाईला निरोध लागतोय. नवरा कारखान्यावर आणि हिला निरोध. नवरा सुट्टीला आला तो हे ऐकतच घरी आला. त्यानं मला कातडी पट्ट्यानं मारलं. "कुणासाठी मागितलास?" एकच प्रश्न. मी सांगितलं नाही. सांगायचं तर सुमनचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तिचं घर तेव्हा कसंबसं तग धरून होतं. पाठ सुजली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. कंपाउंडर माझ्या चालण्याकडं बघून हसला.

सुमनला दिवस गेले.

नवरा तिच्या सातव्या महिन्यात गेला. जाताना मात्र खरं सगळीकडं पसरलं. दिरांनी तिला घरातून काढून गोठ्याशेजारच्या छपरात ठेवलं. तिचा तांब्या वेगळा, तिची चूल वेगळी. तिची सासू तेवढी तिच्यासंगं छपरात राहायला गेली. पोरांनी किती शिव्या दिल्या तरी म्हातारी हलली नाही. "माझ्या लेकानं आनलंय ह्ये," म्हणायची, "ह्या पोरीनं न्हाय."

मार्चमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी कॅम्प होता. दुपारी बैलगाडी आली. गाडीत सुमन, तिला धरून बसलेली सासू. गाडी हाकायला सुमनचा भाऊ. पाणी कधीच गेलं होतं, पोराचं डोकं दिसायला लागलं होतं. मी तिला उचलून आत टेबलावर घेतली.

डॉक्टरांना बातमी आधीच लागली होती. ते व्हरांड्यातच थांबले. "हिला पुण्याला न्या. इथं काही सोय नाही."

सासू त्यांच्या पायाशी बसली. "कशानं न्यू, साहेब? डोस्कं भाईर आलंय."

केंद्राची जीप बारामतीला गेली होती, कॅम्पच्या सर्जनसाहेबांचं सामान आणायला. सिस्टर आत आल्या, सुमनला बघितलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. "माझी लेकरं लहान आहेत," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनाही कुणी काही दिलेलं नव्हतं. पण त्या बसू शकल्या. मला बसायची सोय नव्हती.

डॉक्टर मला म्हणाले, "तू बघ. तू करतेसच की."

मी म्हणाले, "हातमोजे द्या."

"नाहीत."

"कपाटात हायेत. काल पेटी मीच डोक्यावरनं आत नेली."

"ते कॅम्पचे आहेत. मोजून आलेत. तुझ्यासाठी पेटी फोडू का?"

"उघड्या हातानं मी हात लावायची न्हाय."

हे मी बोलले, असं मला बोलल्यावर कळलं. कंपाउंडर तंबाखू मळायचा थांबला. बाहेर कॅम्पचा मांडव घालत होते, तिथल्या माणसांनीसुद्धा दोर सोडून इकडं बघितलं. आत सुमन किंचाळली.

ती किंचाळत होती आणि मी दारात उभी होते. त्या वेळेइतकी वाईट वेळ माझ्या आयुष्यात दुसरी आली नाही. मी आत गेले नाही तर ती मरणार, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही ठाऊक होतं. आणि त्यांच्या तोंडावर कसलीही काळजी नव्हती. त्यांना खात्री होती. ही जाणार. आता नाही म्हणते, पण ती बाई अजून दोनदा ओरडली की ही आपोआप जाणार. आमच्यासारखी माणसं शेवटी जातातच. त्यावर तर त्यांचं सगळं चालतं.

मला ते त्यांच्या तोंडावर लख्ख दिसलं. माणसाकडं बघतात तसं बघत होते का? नाही. बसलेला बैल आता उठणारच, अशा नजरेनं बघत होते ते माझ्याकडं.

मी आत गेले नाही. मी बंबाकडं गेले. तिथं माझी कुऱ्हाड होती, लाकडं फोडायची. ती घेतली आणि औषधांच्या खोलीत शिरले. कंपाउंडर दारात आडवा आला होता. कुऱ्हाड बघून बाजूला झाला. कुलूप पहिल्या घावाला तुटलं नाही. कडी वाकली. मग मी मारतच सुटले. आईच्यान सांगते, किती घाव मारले मला आठवत नाही. दार एका बिजागरीवर लोंबायला लागलं.

वरच्या कप्प्यात कॅम्पची पेटी होती. नवी, कोरी. त्याच्याखालच्या कप्प्यातलं सगळं माझ्या अंगावर आणि फरशीवर कोसळलं.

निरोध. खोक्यांची खोकी. उंदरांनी कुरतडलेले, पाकिटं उकाड्यानं फुगून एकमेकांना चिकटलेली. गोळ्यांच्या पट्ट्या, पिवळ्या पडलेल्या. तांबीची पाकिटं, न फोडलेली. जुन्या हातमोज्यांची एक पेटी होती, त्यातला मोजा मी ओढला तर तो पापडासारखा मोडला. सगळं आलेलं होतं. वरून आलं नाही म्हणत होते ते सगळं पुण्याहून निघालं होतं, तालुक्याला उतरलं होतं, इथवर आलं होतं. आणि माझ्या फडक्याच्या वितभर पलीकडं कुजत पडलं होतं. कंपाउंडरनं ते विकलंही नव्हतं. विकलं असतं तरी कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं. त्याला ते वाटायचा कंटाळा होता. बायकांना ते द्यायची किळस होती. एवढंच कारण.

मी कॅम्पची पेटी फोडली. मोजे घातले आणि आत गेले.

सुमन घामानं निथळत होती. मला म्हणाली, "काय फुटलं गं आक्का?"

"कपाट."

"काय हाय त्येच्यात?"

"हातमोजं," मी म्हणाले. दुसरं काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

मुलगी झाली. बारकी, पण रडली. सासूनं तिला आपल्या लुगड्यात गुंडाळली. मी नाळ कापली, सुमनला पुसली, स्वच्छ केली. कुणीही आत डोकावलं नाही. बाहेर कंपाउंडर ओरडत होता, "सरकारी कपाट फोडलं! सगळ्यांनी बघितलंय!" डॉक्टर मला म्हणाले, "तुझी नोकरी गेली असं समज." मी मोजे काढून घमेल्यात टाकले. तसेच. न धुता.

दुसऱ्या दिवशी कॅम्प झाला. कशालाही काही कमी पडलं नाही. आणि केंद्राच्या मागच्या खड्ड्यात तो सगळा माल रॉकेल ओतून जाळला. मी रस्त्यावरून बघत होते. जळालेल्या रबराचा वास आमच्या वस्तीपर्यंत आला. बायका पदर नाकाला लावून विचारत होत्या, काय जळतंय गं? मी सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं, जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय.

सुमनच्या कानावर ते गेलंच. मी छपरात गेले तेव्हा ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पोरीची कुंची सारखी केली. मग म्हणाली,

"व्हतं व्हय गं आत?"

"व्हतं."

"मी आले तवाबी?"

"तवाबी."

तिनं पोरीच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या. रडली नाही. ओरडली नाही. मला वाटत होतं तिनं ओरडावं, माझ्या अंगावर धावून यावं. ती नुसती माश्या हाकलत राहिली.

आजार तिला आधीच लागला होता की त्या महिन्यांत लागला, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण ती पोर त्या महिन्यांतलीच होती. पोर दात यायच्या आतच गेली. सुमन पुढच्या उन्हाळ्यात गेली. शेवटी माझ्या बापाच्या एका मेंढराइतकंसुद्धा तिचं वजन राहिलं नव्हतं. दिरांनी हात लावला नाही. सुमनचा भाऊ, मी आणि म्हातारी, आम्ही तिला उचललं. बायकांनी खांदा देऊ नये म्हणून गावातले दोघं सांगायला आले. म्हातारी म्हणाली, "मंग तुमी द्या." ते निघून गेले.

कपाटाची चौकशी वर्षभर रखडली होती; सुमन गेल्यावर मला तालुक्याला बोलावलं. मोठे अधिकारी होते, आवाज गोड. शेजारच्या खुर्चीत आमचे डॉक्टर. मला उभंच ठेवलं होतं.

अधिकारी म्हणाले, "बाई, तुझं काम चांगलं आहे असं ऐकलंय. चूक झाली म्हण, डॉक्टरांची माफी माग. पुन्हा घेऊ तुला कामावर."

मी म्हणाले, "साहेब, त्या कपाटात काय व्हतं, त्ये तुमी इचारलं का?"

"तो माल मुदत संपलेला होता. जाळायचाच होता."

"आला तवा चांगला व्हता."

"तो विषय नाही," ते म्हणाले. अजून आवाज गोडच. "विषय कुलपाचा आहे."

एक बाई, तिची पोर, तिच्यासारख्या किती, त्यांचा विषय नाही. कुलपाचा विषय. मला त्या खोलीत एकदम सगळं समजलं. मला वाटत होतं की एक कंपाउंडर नालायक आहे, एक डॉक्टर माजलेला आहे, वरच्यांना कळलं की ते काहीतरी करतील. वरच्यांना सगळं कळत होतं. त्यांना ते चालत होतं.

"माफी मागायची न्हाय," मी म्हणाले आणि बाहेर आले. मागून डॉक्टर बोलले ते ऐकू आलं, "या लोकांना नोकरी दिली तरी माळावरचीच राहतात."

नवरा घरी चिडला. "ती मेली. मेलेल्या मानसासाठी नोकरी घालवतीस व्हय?" आता त्याला कळलं होतं मी कुणासाठी निरोध मागितला होता. पट्ट्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. आमच्या दोघांत ते तसंच पडलं आहे.

बारामतीहून एसटी धरून मी पुण्याला गेले आणि माझंही रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. त्यात कुणाची मेहेरबानी नाही.

आता मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. केंद्रात नवं कपाट आलं आहे, आधीच्याहून जाड. चावी त्याच कंपाउंडरकडं. माझ्या जागी एक तरणी पोर लागली आहे, तिचे हात मी बाजारात बघितले. भेगा पडलेले. मी तिला म्हणाले, "मोजं माग." ती घाबरून इकडं तिकडं बघत निघून गेली. वस्तीवरच्या बायका अजून खिडकीशी जातात आणि तशाच परत येतात. दोन घरांत ड्रायव्हर वाळत चालले आहेत, बायका टीबी म्हणून सांगतात. मी एकीला घेऊन केंद्रात गेले तर कंपाउंडरनं खिडकीच लावून घेतली. डॉक्टरांची बढती झाली. काहीही बदललं नाही, आणि माझ्या हयातीत बदलेल असं मला वाटत नाही.

सोमवारी इंदापूरला सभा आहे. एड्सबद्दल जागृती म्हणून. मांडव पडला आहे, पाहुणे येणार आहेत आणि समाजानं काय काळजी घ्यावी यावर आमचे तेच डॉक्टर बोलणार आहेत. मला बोलावलेलं नाही. सुमनच्या सासूला मी विचारलं, "सगळ्यांदेखत तिचं नाव घिऊ का?" म्हातारी म्हणाली, "घे. आता कुनाची लाज ऱ्हायली? मीबी येते."

आम्ही दोघी जाणार आहोत. पुढं जाऊन बसणार आहोत. डॉक्टर बोलायला उठले की मी उठणार. सुमन कशासाठी आली होती, तिला काय उत्तर मिळालं, ते सांगणार. जळालेल्या मालाचं सांगणार. उत्तर कुणी देणार नाही, हे मला माहीत आहे. खाली बस म्हणतील. मी बसणार नाही. बाहेर हो म्हणतील. होणार नाही. मला तिथून ओढतच न्यावं लागेल, आणि ओढून नेतील तिथवर मी बोलत राहणार.